मालकी कोणाची, परवानगी कशाची?
(संग्रहाच्या संमतिपत्राच्या निमित्ताने)





आपल्या शाळेच्या वार्षिकांकांत आणि हस्तलिखितांत आजवर आलेल्या निवडक कविता, कथा, निबंध व चित्रांचा संग्रह पुस्तकरूपाने काढावा, असे विश्वस्त मंडळाने ठरविले आहे. त्यासाठीचे संमतिपत्र या अंकासोबत घरोघरी पाठवीत आहोत. त्याचा मसुदा करताना बैठकीत एक प्रश्न निघाला. ‘सर्व हक्क शाळेचे’ एवढे एक वाक्य लिहून घेतले की काम संपते, मग हे पानभर पत्रक कशाला? प्रश्न रास्त होता. उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून ते येथे सविस्तर देत आहोत. हे उत्तर केवळ आपल्या संग्रहापुरते नाही. उद्या मुलांसमोर स्पर्धेचे फॉर्म येतील, पुढे नोकरीचे करार येतील, कुणासमोर प्रकाशकाचे कागदही येतील. त्या प्रत्येक ठिकाणी सही करण्यापूर्वी एकच गोष्ट पाहायची असते : आपण वस्तू देत आहोत की वस्तूचा वापर?

हक्क जन्माला येतो तेव्हा

आपल्याकडील कायदा १९५७ सालचा आहे. हिंदीत त्याला ‘प्रतिलिप्यधिकार अधिनियम’ असे जडजंबाल नाव आहे. मराठीत ‘प्रताधिकार’ किंवा ‘स्वामित्वहक्क’ म्हणतात. घरीदारी सगळेच ‘कॉपीराइट’ म्हणतात, म्हणून आम्हीही तोच शब्द वापरू. या कायद्यात वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या; त्यातली मोठी दुरुस्ती २०१२ साली झाली.

कॉपीराइट कल्पनेवर नसतो, ती ज्या रूपात मांडली त्या रूपावर असतो. ‘माझी आजी’ हा विषय वर्गात दिला तर चाळीस मुले चाळीस निबंध लिहितात. विषय कोणाच्याच मालकीचा नाही, पण प्रत्येक निबंध ज्याने स्वतः लिहिला त्याचा. वही बंद होण्याआधीच हा हक्क जन्माला आलेला असतो. त्यासाठी अर्ज, फी, शिक्का काही लागत नाही. नोंदणीची सोय आहे. वाद झाल्यास ती पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण ती सक्तीची नाही.

पहिला मालक कोण? सर्वसाधारण नियम असा की जो निर्माण करतो तो मालक. याला अपवाद आहेत. नोकरीचे काम म्हणून जे लिहिले जाते त्याचा मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. शिक्षकांनी शाळेच्या कामासाठी काढलेल्या प्रश्नपत्रिकेची आणि त्यांनी रविवारी घरी लिहिलेल्या कवितेची गोष्ट म्हणूनच वेगळी. तसेच मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, ते काढवून घेणारा असतो.

विद्यार्थी मात्र शाळेचा नोकर नाही. शाळेच्या वहीत, शाळेच्या तासाला, शाळेने दिलेल्या विषयावर लिहिले तरी ती कविता त्या विद्यार्थ्याचीच. पाचवीतल्या मुलीने काढलेल्या चित्राची मालक ती पाचवीतली मुलगी आहे, मुख्याध्यापक नव्हेत आणि विश्वस्त मंडळही नव्हे.

येथे आणखी एक गल्लत टाळायला हवी. कागदाची मालकी आणि कॉपीराइटची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुकानातून पुस्तक आणले तर ती प्रत आपली झाली. ती वाचावी, भेट द्यावी, रद्दीत विकावी. पण तिच्या शंभर प्रती छापता येत नाहीत. कुणी आपल्याला पत्र लिहिले तर कागद आपला, पण त्यातला मजकूर छापण्याचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा. त्याच न्यायाने शाळेच्या कपाटात जपून ठेवलेली जुनी हस्तलिखिते ही वस्तू म्हणून शाळेची आहेत, पण त्यांतल्या कविता ज्याच्या त्याच्या आहेत.

वाडा विकणे आणि खोली किरायाने देणे

आता मूळ फरकाकडे येऊ. लष्करातला एखादा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. मालकाने खरेदीखत करून वाडा विकला तर तो गेला. उद्या त्यालाच त्या अंगणात कार्य करायचे झाले तर नव्या मालकाला विचारावे लागेल. पण दोन खोल्या किरायाने दिल्या तर वाडा त्याचाच राहतो. किरायेदार ठरलेल्या अटींवर, ठरलेल्या मुदतीपर्यंत राहतो.

कॉपीराइट लिहून देणे म्हणजे खरेदीखत. कायद्याच्या हिंदीत त्याला ‘समनुदेशन’ म्हणतात. आणि परवाना, म्हणजे हिंदीतली ‘अनुज्ञप्ति’, हा किरायानाम्यासारखा. परवाना देणारा मालकच राहतो. घेणाऱ्याला फक्त वापर मिळतो.

हा दाखला काही ठिकाणी अपुरा पडतो, आणि ती ठिकाणेच महत्त्वाची आहेत.

पहिली गोष्ट, एक खोली एका वेळी एकाच कुटुंबाला देता येते. कवितेची परवानगी एकाच वेळी दहा जणांना देता येते : आपल्या संग्रहाला, एखाद्या दिवाळी अंकाला, गायकाला. अशा परवान्याला ‘अनन्य नसलेला’ परवाना म्हणतात. याउलट ‘अनन्य परवाना’ दिला तर ठरलेल्या मुदतीत तो वापर इतर कोणालाही करता येत नाही. कायद्यातल्या व्याख्येप्रमाणे या ‘इतरांत’ खुद्द मालकही येतो! म्हणून करारात ‘अनन्य’ हा तीन अक्षरी शब्द दिसला की तेथे बोट ठेवून थांबावे.

दुसरी गोष्ट, कॉपीराइट हा एकच हक्क नसून ती हक्कांची मोळी आहे. छापणे, रंगमंचावर सादर करणे, ध्वनिमुद्रण करणे, चित्रपट काढणे, भाषांतर करणे हे सारे वेगवेगळे हक्क. मोळीतली एकच काडी विकता येते किंवा वापरायला देता येते. आपल्याकडे मुले मराठी कथेचे हिंदीत भाषांतर हौसेने करतात, म्हणून हे सांगायला हवे : भाषांतराला परवानगी देण्याचा हक्क मूळ लेखकाचा. मात्र परवानगीने केलेल्या भाषांतरावर भाषांतरकाराचाही स्वतःचा कॉपीराइट असतो.

तिसरी गोष्ट, वाडा पिढ्यान्‌पिढ्या राहतो, कॉपीराइट संपतो. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरचे वर्ष उजाडल्यापासून पुढे ६० वर्षे तो टिकतो. मधल्या काळात तो वारसांकडे जातो. त्यानंतर कृती सर्वांची होते.

कायदा काय लिहायला सांगतो

कॉपीराइट तोंडी विकता येत नाही. तो लेखी आणि सही करूनच द्यावा लागतो. कोणती कृती, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि काय मोबदला, हे कागदावर हवे. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती ५ वर्षे धरतो. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरतो. हेच नियम योग्य त्या फरकाने परवान्यालाही लागू आहेत.

यातून लक्षात येईल की नुसते ‘सर्व हक्क’ आणि ‘सर्व हक्क कायमचे, जगभर’ यांत मोठे अंतर आहे. पहिल्यात कायदा सही करणाऱ्याची बाजू थोडी सांभाळून घेतो. दुसऱ्यात सही करणाऱ्याने स्वतःच ती सोय सोडलेली असते. मुलांसाठी येणाऱ्या काही स्पर्धांच्या फॉर्मवर खाली बारीक अक्षरांत असे वाक्य आढळते. बक्षीस मिळो न मिळो, प्रवेशिका पाठविली की चित्र कायमचे आयोजकांचे! अशा फॉर्मवर सही करू नये असे आम्ही म्हणत नाही. वाचून, समजून, मुलाला विचारून करावी, एवढेच म्हणणे.

मालकी गेली तरी काय उरते

मालकी दिल्यावरही निर्मात्याकडे दोन गोष्टी उरतात. ही कृती माझी आहे असे म्हणण्याचा हक्क, आणि आपल्या लौकिकाला बाधा येईल अशी कृतीची मोडतोड रोखण्याचा हक्क. याचे प्रसिद्ध उदाहरण दिल्लीचे. शिल्पकार अमरनाथ सहगल यांनी विज्ञान भवनासाठी एक भव्य कांस्य भित्तिशिल्प घडविले होते. शिल्पही सरकारचे, त्याचा कॉपीराइटही सरकारला दिलेला. १९७९ साली ते उतरवून गोदामात टाकण्यात आले आणि त्यात त्याची नासधूस झाली. सहगल न्यायालयात गेले. २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने शिल्प त्यांना परत देण्याचा आणि ५ लाख रुपये भरपाई देण्याचा निकाल दिला.

दुसरे उदाहरण हिंदी चित्रपटगीतांचे. मोबदला देऊन लिहून घेतलेल्या गीत-संगीताचा मालक, वेगळा करार नसेल तर, चित्रपटाचा निर्माता, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला होता. गाणी वर्षानुवर्षे वाजत राहिली, पण अनेक गीतकार-संगीतकारांच्या हाती पहिल्या रकमेपलीकडे काही आले नाही. कवी जावेद अख्तर यांनी राज्यसभेत आणि बाहेर हा प्रश्न लावून धरला. २०१२ च्या दुरुस्तीनंतर चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातून मिळणाऱ्या रॉयल्टीचा आपला वाटा गीतकार-संगीतकारांना निर्मात्याला लिहून देताच येत नाही. नामवंत कवींनाही एका सहीचे मोल कळायला इतकी वर्षे लागली. मग शाळकरी मुलांच्या बाबतीत मोठ्यांनी किती जपायला हवे!

तांबे यांची कविता : एक हिशेब

आपल्या ग्वाल्हेरचे राजकवी भा. रा. तांबे १९४१ साली गेले. रवीन्द्रनाथ ठाकूरही त्याच वर्षी गेले. तेव्हाच्या कायद्याने मृत्यूनंतर ५० वर्षांची मुदत होती, म्हणजे दोघांच्याही हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क १९९१ च्या अखेरीस संपणार होता. रवीन्द्रनाथांच्या साहित्याचा हक्क विश्वभारतीकडे होता. तो संपू नये अशी मागणी झाली आणि मुदत संपायला तीन-चार दिवस उरले असताना, १९९१ च्या डिसेंबरात, केंद्र सरकारने वटहुकूम काढून ५० ची ६० वर्षे केली. मुदतवाढ रवीन्द्रनाथांच्या निमित्ताने झाली, पण तिचा लाभ तांबे यांच्या कवितेलाही झाला. दोघांचेही साहित्य १ जानेवारी २००२ पासून सर्वांचे झाले.

म्हणजे तांबे यांची कविता आज कोणीही छापावी, गावी, तिला नवी चाल लावावी. पण लता मंगेशकर यांनी गायलेली तीच कविता स्नेहसंमेलनाच्या चित्रफितीत घालून ती सर्वांसाठी प्रसिद्ध करायची म्हटले, की आणखी दोन मालक पुढे येतात : चालीचा हक्क संगीतकाराचा किंवा त्याने ज्याला दिला त्याचा, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ते काढणाऱ्या कंपनीचा. शब्द मोकळे झाले म्हणून गाणे मोकळे होत नाही.

हाच हिशेब विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावा. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेली पुस्तके २०११ च्या आरंभापासून सर्वांची झाली. आचार्य अत्रे १९६९ साली गेले, त्यांच्या नाटकांवरचा हक्क २०२९ च्या अखेरपर्यंत आहे. पु. ल. देशपांडे २००० साली गेले. त्यांचे वर्ष कोणते येईल?

शाळेत रोज लागणारे नियम

कायद्याने शिक्षणासाठी काही वाटा मुद्दाम मोकळ्या ठेवल्या आहेत. शिकविताना शिक्षकाला वा विद्यार्थ्याला उतारा उतरवून घेता येतो. प्रश्नपत्रिकेत कविता देता येते. शाळेच्या उपक्रमात शिक्षक-विद्यार्थ्यांनी नाटक बसवून विद्यार्थी, पालक आणि शाळेशी संबंधित मंडळींपुढे केले तर परवान्याची गरज नाही. पण तेच नाटक इमारत निधीसाठी तिकीट लावून शहरासमोर करायचे झाले, तर ही सवलत गृहीत धरता येणार नाही. तेव्हा नाटककाराची किंवा वारसांची लेखी परवानगी आधी घ्यावी. यंदा तसा विचार चालू असल्याने सांस्कृतिक समितीने याची विशेष नोंद घ्यावी.

संगणक कक्षातील विंडोज आपण विकत घेतलेले नाही. ठरावीक संगणकांवर वापरण्याचा परवाना घेतला आहे. लिनक्स फुकट मिळते, तरी तेही बेवारस नाही. त्याचेही मालक आहेत, त्यांनी सर्वांना मोकळा परवाना दिला आहे, एवढाच फरक. मराठी विकिपीडियाचेही तसेच. लिहिणारे आपल्या मजकुराचे मालक राहतात. तो कोणीही वापरावा, मात्र श्रेय द्यावे आणि त्यावर आधारलेले स्वतःचे लेखनही तशाच मोकळ्या अटींवर ठेवावे, अशी परवानगी त्यांनी आधीच देऊन ठेवलेली आहे. प्रकल्पवहीसाठी इंटरनेटवरून चित्र घेताना म्हणून ‘फुकट दिसते का’ एवढेच पाहू नये. ‘वापरायची परवानगी कोणी, कोणत्या अटीवर दिली’ हे पाहून चित्राखाली नाव लिहावे. एनसीईआरटीची पुस्तके वाचण्यासाठी विनामूल्य उतरवून घेता येतात, पण ती छापून विकण्याची मुभा त्यात नाही.

आमचे संमतिपत्र

आता बैठकीतल्या प्रश्नाकडे. ‘सर्व हक्क शाळेचे’ असे लिहून घेण्यात शाळेची सोय होती, हे मान्य करायला हवे. पुढच्या आवृत्तीच्या वेळी पालकांना शोधावे लागले नसते. बदल्या होतात, पत्ते बदलतात, मुले पुणे, बंगळूर, परदेशी जातात. पण दुसरी बाजू अशी. आज आठवीत असलेल्या मुलीने पंचवीसाव्या वर्षी आपला कवितासंग्रह काढायचे ठरविले, तर स्वतःचीच शाळेतली कविता छापायला तिने शाळेच्या कचेरीत अर्ज करायचा? आपल्याला संग्रहासाठी लागतो तो छापण्याचा वापर. मालकी लागत नाही. जे लागत नाही ते मुलांकडून मागू नये, असे विश्वस्त मंडळाने एकमताने ठरविले. म्हणून संमतिपत्रात पुढील गोष्टी आहेत.

१. मालकी विद्यार्थ्याचीच राहील.
२. शाळेला या संग्रहात छापण्याची, अनन्य नसलेली परवानगी; मुदत ५ वर्षे, प्रदेश भारत. भाषांतर, ध्वनिमुद्रण वा इतर वापरासाठी पुन्हा विचारू.
३. प्रत्येक कृतीसोबत नाव छापले जाईल. शुद्धलेखनापलीकडे बदल विचारल्याशिवाय होणार नाही.
४. मोबदला म्हणून पुस्तकाच्या २ प्रती.
५. हीच कृती इतरत्र देण्यास विद्यार्थी पूर्ण मोकळा आहे.

अठरा वर्षांखालील मुलांना कायद्याने करार करता येत नाही, म्हणून दस्तखत पालकांचे लागेल. तरी खाली विद्यार्थ्याच्या सहीसाठीही एक ओळ ठेवली आहे. ती कायद्यासाठी नाही. कविता ज्याची, त्याला विचारले गेले पाहिजे, म्हणून आहे. मुलाची इच्छा नसेल तर पत्र कोरे परत करावे. त्याचे कारण कोणी विचारणार नाही.

राहिले माजी विद्यार्थी. त्यांनी त्या वेळी आपले लेखन एका वार्षिकांकात छापायला दिले होते. त्यावरून पुढे पुस्तकातही छापण्याची परवानगी दिली असे धरता येत नाही. त्यामुळे त्यांची, किंवा दिवंगत असल्यास त्यांच्या वारसांची, लेखी संमती हवी. निवडलेल्या कृतींची वर्षवार यादी कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावली आहे. त्यात आपले काका, आत्या, शेजारी, जुने वर्गमित्र यांची नावे दिसली तर त्यांचा पत्ता किंवा फोन कार्यालयात कळवावा. संमती मिळाली नाही ती कृती, कितीही चांगली असली तरी, संग्रहात घेणार नाही. कपाटातले हस्तलिखित मात्र कोणालाही येऊन वाचता येईल. वाचायला परवाना लागत नाही!

संमतिपत्रे वर्गशिक्षकांकडे या महिनाअखेरपर्यंत द्यावीत. काही शंका असल्यास शाळेच्या वेळेत अवश्य भेटावे.

आपले,
मुख्याध्यापक व संपादक मंडळ